पाद्रीबुवांची सोयरीक

कुन्तुरपाता, तळ्याकाठी
१८ मार्च १९९६

माझ्या मार्लेनीला आजी आनिसेताचे आशीर्वाद.

इकडे सगळं क्षेम आहे. माझा गुडघा सोडला तर कोणाची तक्रार नाही, आणि गुडघ्याची तक्रार मी ऐकत नाही. पुनो शहरात थंडी असेल. मी विणलेले मोजे घाल. कॉलेजात कोणी घालत नाही म्हणून पाय गारठवून घेऊ नकोस.

हे पत्र कोण लिहितंय ते विचारू नकोस. एक भला माणूस मिळालाय. समोर बसवून सूप पाजलं की लिहितो. मी बोलेन ते सगळं लिहायचं, गाळायचं नाही आणि आपलं घुसडायचं नाही, असं त्याला बजावलंय. मला अक्षर येत नाही, पण मी किती बोलले आणि त्याचा हात किती हलला, एवढा हिशेब मला येतो.

गेल्या वर्षीच्या कार्निव्हालपासून तू घरी आली नाहीस. तुझा बाप म्हणतो, मी कोणाला हाकललं नाही. तू म्हणतेस, मला कोणी बोलावलं नाही. दोघंही खरं बोलता आणि दोघंही गाढव आहात. लिही. दोघंही.

त्या दिवशी काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. अंगणात चादर पसरली होती, कोकाची पानं मांडली होती. दरवर्षीसारखं आपल्या कळपातल्या अल्पाकांचं लग्न. म्हाताऱ्या अल्काल्देला आणि मोरेनाला एका दाव्यात बांधून कानांत लाल गोंडे ओवले होते. पाहुणे जमलेले, तुझ्या बापाच्या हातात मक्याच्या चिचा-दारूचा पेला, आणि तू म्हणालीस, "बाबा, मोरेना त्याचीच मुलगी आहे. बापलेकीचं लग्न लावताय तुम्ही." वर म्हणालीस, वाकड्या तोंडाची, जादा बोटांची पिल्लं होतात ती यामुळेच.

तू शिकलेलं बोललीस. तुझ्या बापाला मात्र वेगळंच ऐकू आलं. साऱ्या डोंगराने व्यापाऱ्याच्या नादाने पांढरी अल्पाका धरली, तेव्हा तुझ्या आजोबांनी, मेल्चोरने, काळी राखली. काळ्या लोकरीतलं घरचं नशीब बाहेर जाऊ नये म्हणून लग्नंही घरातल्या घरातच लावली. ते नशीबच नासकं निघालं, असं पोरगी पाहुण्यांसमोर म्हणते, एवढंच त्याला ऐकू आलं. त्याने पेला पालथा घातला आणि म्हणाला, जा, शहरात जाऊन शिकव.

तुझं बरोबर होतं, पोरी. पण तू कच्चं वाढलंस.

म्हणून यंदा मी शिजवायला घेतलं. तळ्यापलीकडे बासिलिया तुर्पोच्या घरी अजून काळी अल्पाका आहेत. कुरणाच्या हद्दीवरून आपलं आणि त्यांचं बोलणं बंद, इतकं बंद की मी तिच्या कुत्र्यालाही हाड म्हणत नाही. तरी मी नवी शाल पांघरली, कोकाची पानं आणि दारूची बाटली घेतली, आणि मुलगी मागायला जातात तशी तिच्या दारात गेले. फरक एवढाच, की मी मुलगा मागितला.

बासिलिया मला आत घ्यायलाही तयार नव्हती. म्हणाली, तुझा मुलगा इलारियो माझ्याशी गवताच्या काडीवरून भांडतो आणि तुला माझा पाद्री हवा? पाद्री म्हणजे तिचा काळा नर. मानेपासून नखांपर्यंत झगा घातल्यासारखा काळा, म्हणून ते नाव. मी म्हटलं, हवा, आणि बदल्यात आमचा एक तरणा घेऊन जा. तुझ्याही वाडग्यात यंदा मिटल्या कानांचं पिल्लू झालं, ते सांगू का सगळ्यांना, की पेला घेतेस?

तिने पेला घेतला. आणि एकदा पेला घेतला की व्याही.

कार्निव्हालच्या मंगळवारी बासिलिया आख्खं घर घेऊन, ढोल आणि बासऱ्या वाजवत, पाद्रीला नवरदेवासारखा सजवून आपल्या गडग्यापाशी हजर. तुझा बाप बाहेर आला आणि मला म्हणाला, परक्याचा पाय माझ्या वाडग्यात पडणार नाही, नशीब बाहेर जातं.

मी म्हटलं, "तुझी बायको कुठून आणली रे? डोंगराच्या पलीकडून ना? नशीब घरातच ठेवायचं असतं, तर तुला तुझ्या बहिणीशीच बांधला असता. दावं होतंच घरात."

आधी ढोलवाला हसला, मग बासिलिया, मग बासरीवाल्यांचा सूर गेला. तुझा बाप हसला नाही. पण वाजतगाजत आलेल्या व्याह्यांना वेशीवर उभं ठेवायची छाती आपल्याकडे कोणाची आहे? घेतलं आत. तुझ्या आईचं, देव तिला सुखात ठेवो, लग्न लागलं त्याच जागी पाद्रीबुवांचं लग्न लागलं. गावात पाद्र्याचं लग्न पहिल्यांदाच, आणि तेही एकाच बैठकीत इतक्या जणींशी.

पाहुणे गेल्यावर तुझ्या बापाने मला बजावलं: मोरेनाचं पिल्लू वाकडं निघालं, तर हा जावई माघारी जाईल, आणि पोरीने या कळपाबद्दल पुन्हा तोंड उघडायचं नाही. मी विचारलं, आणि सरळ निघालं तर? त्यावर तो उठून गेला. ते उत्तर त्याच्याकडे बाकी आहे.

आता खरी बातमी. तू सांगून गेली होतीस तसं काल पाद्रीला एकेकीपाशी पुन्हा नेलं. गाभण राहिलेली नराला जवळ येऊ देत नाही, थुंकते. बाई गं, काय थुंकल्या! मोरेनाने तर त्याचा चेहरा हिरवागार केला. इतका अपमान झालेला नवरा आणि इतकी खूश झालेली सासू या तळ्याकाठी पूर्वी कोणी पाहिली नसेल. थोडं तुझ्या बापाच्या टोपीवरही उडालं. लिही. उडालं.

तुझी आजी, जी तुझी वाट बघते पण तसं म्हणत नाही,
आनिसेता (खाली अंगठा)


कुन्तुरपाता
९ फेब्रुवारी १९९७

माझ्या मार्लेनीला आशीर्वाद. गुडघा तसाच. पाऊस भरपूर, कुरण ओलं, कुत्रा म्हातारा झाला, मी नाही.

तुझं पत्र मिळालं. वाचूनही दाखवलं गेलं. त्यात तू लिहिलंयस, "आजी, त्या भल्या माणसाला सांग, त्याच्या ओळी अजून उताराला लागल्यासारख्या खाली घसरतात." मला काय ठाऊक, की अक्षरालाही तोंडवळा असतो! मला वाटायचं सगळी अक्षरं सारखीच, लेंड्यांसारखी, कोणी टाकली कोण ओळखणार. पण मग विचार केला, लेंड्या बघून कुठल्या मादीचं पोट बिघडलंय ते मी सांगते. तुला अक्षर बघून बाप ओळखायला कितीसा वेळ लागणार?

ती ओळ त्यानेच मला वाचून दाखवली. एका सुरात, सरकारी नोटीस वाचावी तशी. मग छपराचं गवत बघून येतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. छपराला काही झालेलं नव्हतं.

तर आता चोरून काही नाही. लिहितोय तुझा बापच. घरात दुसऱ्या कोणाला येतंय? समोर बसलाय, मान खाली. लिही, इलारियो, मान खाली.

मोरेना व्याली.

त्या सकाळी ती कळपापासून बाजूला जाऊन उभी राहिली, तेव्हाच मी ओळखलं. तुला आठवतं ना, तिचं मागचं पिल्लू? तोंड असं एका बाजूला वळलेलं की आचळ धरताच येईना. तुझ्या बापाने त्याला बोट बुडवून दूध पाजलं होतं, आणि शेवटी ते त्याच्याच मांडीवर गेलं. म्हणून या वेळी तो बघायला थांबेना. म्हणाला, गडगा ढासळलाय, दुरुस्त करतो. मी इकडे मोरेनापाशी, तो तिकडे गडग्यापाशी. एकच दगड उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. त्या दगडाने काय पाप केलं होतं देव जाणे.

आधी नाक आलं, मग पुढचे पाय, मग सगळं एकदम सांडावं तसं गवतात. काळं. ओल्या कोळशासारखं. मादी. मी हाक मारली नाही. मारणारही नव्हते. माझ्या हाकेने आला असता, तर जन्मभर म्हणाला असता की आईने बोलावलं म्हणून आलो.

तो आपणहून आला. टोपी काढून गवतात ठेवली, पिल्लाचा एकेक पाय हातात घेऊन बोटं बघितली. दोन, दोन, दोन, दोन. कान चाचपले. मग अंगठ्याने ओठ वर केला आणि जबडा बघितला. पुन्हा बघितला. त्यानंतर खिशातून एक बाटली काढली आणि बेंबीला आयोडीन लावलं, तू दाखवलं होतंस तसं, टोक बुडवून. ती बाटली त्याने कधी आणली, कुठे ठेवली होती, मला पत्ता नाही. तालुक्याला मीठ आणायला गेला तेव्हा आणली असणार. मीठ विसरला होता.

पिल्लू उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं आणि आचळाला लागलं. चुटूचुटू आवाज यायला लागला. तेव्हा तुझा बाप म्हणाला, "सरळ आहे."

मी म्हटलं, "मोठ्याने बोल. विहीणबाईंना तळ्यापलीकडे ऐकू जाऊ दे."

त्याचे डोळे भरले होते. हे लिहू नको म्हणतोय. लिही. वारा होता असं लिहू का, विचारतोय. नाही. वारा नव्हता.

तू कॉलेजात जनावरांची इंजिनियर होतेयस, म्हणून पिल्लाचं नाव मी ठेवलं: इंजिनियरीण. आता रोज सकाळी तुझा बाप वाडग्याच्या तोंडाशी उभा राहून, "चल गं इंजिनियरीण, ये गं इंजिनियरीण," असं ओरडतो. दुसऱ्या इंजिनियरणीला हे ऐकू जावं म्हणून सांगते.

पाद्रीची बाकीची पिल्लंही सरळ. एक गारपिटीत गेलं, पण तेही सरळच होतं. अल्काल्देला वाडग्यातून हलवून इतर नरांच्या बाजूला ठेवलाय. नाव सरपंचाचं, त्याला जागून त्याने खुर्ची सहजासहजी सोडली नाही. दोन दिवस दाराशी धरणं धरून बसला होता.

मग मी बाकी वसूल करायला गेले. म्हटलं, इलारियो, सरळ निघालं. आता? तर म्हणतो, एक पिल्लू म्हणजे कळप नव्हे, मोठं होऊ दे, लोकर येऊ दे. बरं. पण मी म्हटलं, तोवर पोरीला निदान ये म्हणून लिही. तीनदा सांगितलंय. लिहिलं म्हणतो. कागदावर काय उतरलंय ते तुलाच दिसत असेल, मला काय दिसणार.

आजी म्हणते: ये.
आजी म्हणते: ये.
आजी म्हणते: ये.

थंडीची काळजी घे. बासिलियाने तुझ्यासाठी चीज दिलंय, अर्धं मी खाल्लं.

तुझी आजी आनिसेता (अंगठा)


कुन्तुरपाता
५ नोव्हेंबर १९९७

माझ्या मार्लेनीला खूप खूप आशीर्वाद. गुडघ्याचं आज नाव काढणार नाही. आज मी पायांनी चालत नाही, छातीने चालते.

जत्रेला गेलो होतो. जनावरांचा मेळा, सगळ्या खोऱ्यांतले लोक, बँड, तळलेलं डुकराचं मांस, आणि धूळ. इंजिनियरणीला तुझ्या बापाने ट्रकमध्ये आपल्या मांडीवर बसवून नेलं. एवढी घोडी झालीय ती, तरी मांडीवर. ट्रकवाला म्हणाला, आजोबा, हिचंही तिकीट काढा. तुझा बाप म्हणाला, आजोबा कोणाला म्हणतोस? आणि मग स्वतःच म्हणाला, हो, तसा आजोबाच.

काळ्या रंगाच्या वर्गात, अजून दुधाचे दात असलेल्यांत, बरीच जनावरं होती. आपल्या शेजारी एका मोठ्या फार्मची मादी होती. तिच्या अंगावर पांघरूण! तसं पांघरूण मला माझ्या लग्नातही मिळालं नव्हतं. आपल्या पोरीच्या लोकरीत गवताच्या काड्या. मी वेचायला गेले तर तुझ्या बापाने हात धरला. म्हणाला, राहू दे, लोकर विस्कटू नये असं मार्लेनीने सांगितलंय. तू कधी सांगितलं होतंस? पुन्हा विचारलं तर म्हणाला, पहिल्या वर्षाच्या सुट्टीत, जेवताना. म्हणजे बघ. तेव्हा सूप ओरपत होता आणि मला वाटलं बहिरा आहे.

परीक्षक आला. दात बघितले, जबडा बघितला, मागून पाय सरळ पडतात का ते चालवून बघितलं. मग खांद्याजवळ, पोटाशी, मांडीवर लोकर उघडून आत बोटं घातली आणि तिथेच थांबला. दुसऱ्या परीक्षकाला हाक मारली. त्यानेही बोटं घातली. मला वाटलं पिसू सापडली की काय.

मग भोंग्यावर आवाज आला: काळा रंग, दुधाचे दात, पहिला नंबर, इंजिनियरीण! मालक इलारियो चोके, कुन्तुरपाता!

बासिलियाने मला अशी मिठी मारली की माझी टोपी बँडवाल्याच्या भोंग्यात. आपली हद्द कुठे होती ते त्या क्षणी आम्हा दोघींपैकी कोणीच सांगू शकलं नसतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. परीक्षकाने तुझ्या बापाला वर बोलावलं आणि माईक पुढे करून विचारलं, ही निपज कशी साधली, सगळ्या पशुपालकांना सांगा. तुझा बाप! जो घरात मीठ मागायलाही तोंड उघडत नाही! त्याने टोपी काढली. इतका वेळ गप्प, की मागून कोणीतरी म्हणालं, माईक बंद आहे. मग तो बोलला, आणि ते चारी खोऱ्यांना ऐकू गेलं.

म्हणाला, "माझी मुलगी शिकते. तिने सांगितलं होतं, घरातल्या घरात लावू नका. मी तिला पाहुण्यांसमोर घालवून दिलं. माझ्या आईने ऐकलं, मी नाही. बक्षीस त्या दोघींचं आहे. चूक माझी."

आणि खाली उतरला. टाळ्या नंतर झाल्या. आधी सगळे टोप्या हातात घेऊन उभे होते, का ते त्यांनाही कळलं नसेल.

बक्षिसात एक मोठा कप मिळालाय. त्यात चिचा किती मावते, ते परीक्षकांनाही दाखवून झालं.

तेरवा मृतांच्या दिवशी तुझ्या आजोबांसाठी जेवण मांडलं, भाकरीची बाहुली ठेवली, शेजारी तो कप ठेवला. मी मेल्चोरला सांगितलं, तुझं काळं बाहेर गेलं, आणि जास्त काळं होऊन परत आलंय. तो काही बोलला नाही. जिवंतपणीही हरला की असाच गप्प बसायचा.

आता पुढची कटकट ऐक. तळ्याकाठची घरं सोयरिकी घेऊन येतायत. रोज कोणीतरी बाटली घेऊन गडग्यापाशी उभं. ज्यांच्याकडे पाचदहा काळी उरलीत ते सगळे. कोणाला पाद्री हवा, कोणाला पाद्रीचा पोरगा. आणि तुझा बाप त्यांना काय सांगतो माहीत आहे? म्हणतो, पाद्रीच्या मुलींना पाद्री लावायचा नाही, एवढंही कळत नाही का तुम्हाला? जसा काही आईच्या पोटातून शिकून आला. मी ऐकते आणि पदराआड हसते.

पण आता त्याची झोप उडालीय. इंजिनियरणीला कोणता नर द्यायचा? तिच्या बहिणींना? आपला तरणा बासिलियाकडे गेला, त्याची पोरं तिकडे आहेत, ती आपल्याला मामा लागतात की भाचे? रात्रंदिवस जमिनीवर खडे मांडून बसतो. पांढरा खडा, काळा खडा, आणि मग कोंबडी येऊन एखादा उचलते, की झालं, एक आख्खं घराणं गेलं. तळ्याकाठी इतक्या जणांची लग्नं जुळवायची म्हणजे शिकलेलं माणूस हवं.

थांब, पाणी उकळलं वाटतं. मुन्याच्या पाल्याचा चहा टाकून येते.

इंजिनियर मार्लेनी चोके यांस,

आजी चुलीपाशी गेली आहे. हे मी माझं लिहितो. तळ्याकाठच्या सात घरांत काळे नर आहेत. कोण कोणाचा कोण ते आम्ही तोंडाने सांगू शकतो, पण कोणाला कुठे द्यावा ते आम्हाला कळत नाही. मी लावलं तर चुकेल. जानेवारीत नर सोडतात. त्याआधी आपण यावं आणि जोड्या ठरवाव्यात. सातही घरांना मी जमवतो. आपण सांगायचं, मी ऐकायचं, हे त्यांना आधीच कळवलं आहे.

ट्रक शनिवारी सुटतो. मी थांब्यावर असेन. लवकर आलो तरी थांबेन.

कळपाच्या वतीने आपला,
घराच्या वतीने तुझा,
इलारियो

आले गं. चहा सांडला, गुडघ्याने दगा दिला, त्याचं नाव काढणार नव्हते तरी. मी नसताना हा खाली मान घालून खरडत होता. विचारलं, काय लिहितोस? तर म्हणतो, तारीख घातली. मार्लेनी, मला अक्षर येत नाही, पण मी पाहिलं, कागद जवळजवळ भरलाय. एवढी लांब तारीख मी जन्मात पाहिली नाही. कान लाल झालेत त्याचे.

ती तारीख जी काही असेल, त्या तारखेला ये.

तुझी आजी, दोन्ही अंगठे,
आनिसेता